वाचकांचे प्रश्न : साठीनंतरचा अल्बम, घरच्याच खोलीत

गेल्या अंकात एमिट ऱ्होड्सवर एक टिपण होतं. तो अंक ज्यांच्या हाती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न गावी आई-वडिलांच्या घरच्या गॅरेजमध्ये बसून या विशीतल्या पोरानं सगळी वाद्यं स्वतः वाजवली, सगळे आवाज स्वतःच दिले आणि १९७० साली अल्बम काढला. दर सहा महिन्यांनी एक अल्बम द्यायचा, असा करार तो कंपनीशी करून बसला होता. एकट्याच्या हातून ते निभणारं नव्हतं. १९७३ नंतरचा नवा अल्बम आला तो थेट २०१६ मध्ये. २०२० साली तो गेला. त्याच्या संगीताला पॉवर-पॉप म्हणतात. खणखणीत गिटार, तीन मिनिटांत आटपणारं गाणं, पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसणारी चाल आणि मुखड्याला दोन-तीन आवाजांची साथ, असा त्याचा थाट. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनशेंडनं १९६७ मध्ये हा शब्द वापरला आणि पुढे तो रुळला.

टिपणावर सांगली-सातारा भागातून जी पत्रं आली ती बहुतेक एके काळी ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या ग्रुपमध्ये वाजवणाऱ्यांची आहेत. जवळपास प्रत्येकाला 'सगळं एकट्यानं' करायचंय. तेव्हा एक सांगून ठेवतो : २०१६ चा अल्बम ऱ्होड्सच्या घरी झाला खरा, पण निर्माता दुसरा होता आणि वाजवायला बाहेरचे बरेच हात होते. खालची उत्तरं ते धरूनच दिली आहेत.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. दहा बाय बाराच्या स्लॅबच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचं आहे, उंचीही दहा फूट. लॅपटॉप आहे, आणखी पन्नास हजार घालू शकतो. काय घेऊ? भिंतींना लावायला मुलानं अंड्यांचे ट्रे आणून ठेवलेत.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ट्रे अंडीवाल्याला परत द्या. पुठ्ठ्याचा तो पातळ थर अगदी वरचे सूर थोडेफार खातो, घुमणारा खर्ज जिथल्या तिथे राहतो, आणि वर पुठ्ठा पेट घेतो ते वेगळंच.

आधी खोलीचं गणित. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या अंतरात जो सूर नेमका बसतो तो खोली फुगवून ऐकवते. दहा फुटांना तो साधारण ५६ हर्ट्झला येतो, बारा फुटांना ४७ ला. तुमची रुंदी दहा आणि उंचीही दहा, म्हणजे ५६ चा घुमारा एकावर एक दोनदा. आता बेस गिटारची मोकळी ए तार वाजते ५५ हर्ट्झला. ती छेडली की खोली गर्जेल आणि बाकीचे काही सूर नेहमीसारखेच वाटतील. मग तुम्ही कंटाळून बेसचा आवाज खाली घ्याल, आणि तेच गाणं भावाच्या घरी लावलं की बेस गायब! यात दोष ना बोटांचा ना गिटारचा.

उपाय जाडीत आहे. साखर कारखान्यात वाफेच्या पाईपांना गुंडाळतात त्या जातीचं रॉकवूल इन्सुलेशनचा माल ठेवणाऱ्या दुकानांत पाटीच्या रूपात मिळतं. घनमीटरला ४८ किलोचं, दोन इंची घ्या. दोन पाट्या एकावर एक ठेवून चार इंच जाडी करा, चार फूट बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटीत बसवा आणि वरून साधं सुती कापड ताणा. फुंकर आरपार जाईल असंच कापड हवं. रेक्झिन लावलंत तर वरचे सूर परत फिरतील. अशा सहा चौकटी करा. चार खोलीच्या कोपऱ्यांत तिरक्या उभ्या करा, दोन तुमच्या बसण्याच्या जागेच्या डाव्या-उजव्या भिंतीवर, भिंतीपासून दोन इंच सोडून. कापताना मास्क आणि हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस अंग खाजत बसाल. एवढं करूनही ५६ चा घुमारा पूर्ण जाणार नाही, आटोक्यात येईल. म्हणून बेसचा निर्णय हेडफोनवर घ्या.

घोंगडी, गोधड्या, साड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांचा उपयोग गाताना होतो. पाठीमागे दोन घोंगड्या दुहेरी टांगल्या की भिंतीवरून परतणारा आवाज माईकमध्ये कमी शिरतो. खर्जावर त्यांचा काडीचा परिणाम नाही.

आता खरेदी. दोन इनपुटचा इंटरफेस, म्हणजे माईक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी (फोकसराईट स्कारलेट टू-आय-टू किंवा त्या तोडीचा कुठलाही), शुअर एसएम-५७ किंवा ५८, बंद कपांचे वायरचे हेडफोन, माईकचा जड स्टँड. ब्लूटूथ हेडफोन नकोत, आवाज उशिरा पोचतो आणि ताल सुटतो. महागडा कंडेन्सर माईक सध्या घेऊ नका. तो रस्त्यावरची मोटारसायकल, शेजारचा कुकर आणि तुमची अर्धीकच्ची खोली, सगळं इमानदारीनं टिपतो. एसएम-५७, ५८ हे डायनॅमिक माईक, ते जवळचंच ऐकतात. मात्र त्यांना गेन (इंटरफेसवरची आवाजाची वाढ) भरपूर लागतो, नॉब तीन-चतुर्थांश फिरवावा लागला तर घाबरू नका. सॉफ्टवेअर म्हणून रीपर पुरेसं आहे, साठ दिवस वापरून मग ठरवा.

पहिल्या दिवशी हमखास तीन चुका होतात. एक, गिटार लाइन इनपुटला लावली जाते. तिथला रोध कमी असल्यानं पिकअपवर (गिटारमधल्या तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकावर) ओझं पडतं आणि आवाज मऊ, बसका येतो. इंटरफेसवरचं 'इन्स्ट' बटण दाबा. दोन, लेव्हल लाल दिव्यापर्यंत चढवली जाते. ही टेपच्या काळातली सवय, तेव्हा हिस् झाकायला ते लागायचं. २४ बिटवर सर्वांत जोरात वाजलेला ठोकाही उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्यापुढे जाऊन आवाज फाटला की तो नंतर शिवता येत नाही. तीन, बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज केवढ्या तुकड्यांनी हाताळतो तो सॉफ्टवेअरमधला आकडा. वाजवताना १२८ ठेवा, मिक्स करताना १०२४. उलट केलंत तर वाजवताना आपलाच हात मागे पडल्यासारखा वाटतो, किंवा मिक्समध्ये लॅपटॉप कटकट वाजायला लागतो.

प्रश्न : घर जुनं, वरच्या मजल्यावर पत्रा. पावसात काय करावं? शिवाय लाईट गेली की इन्व्हर्टरवर गिटारमध्ये भुंग्यासारखा आवाज येतो.
— शाहूपुरी, सातारा

उत्तर : पत्र्यावरच्या पावसाला घरगुती उपाय नाही. खोलीतला आवाज शोषणं वेगळं आणि बाहेरचा अडवणं वेगळं. अडवायला वजन लागतं, म्हणजे वीट, काँक्रीट, दुहेरी छत. त्या खर्चात एक गाय येईल. त्यापेक्षा कामाची वाटणी हंगामानुसार करा. जून ते सप्टेंबर थेट तारेवरची कामं : गिटार आणि बेस इंटरफेसला लावून अँप-सिम्युलेटरवर (अँपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर), ड्रमचं मिडी (आवाजाऐवजी नुसती टोल्यांची नोंद), संपादन. माईकची कामं दिवाळीनंतर. गणपतीच्या दहा दिवसांत काही ठरवूच नका. कऱ्हाड-वाळवा पट्ट्यातल्या वाचकांनी हेही ध्यानात ठेवावं की दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो आणि रात्री दीड वाजता उसाचा ट्रॅक्टर स्पीकर लावून दारावरून जातो. तिकडे दुपारची अडीच ते साडेचार ही वेळ बरी.

भुंगा इन्व्हर्टरचाच आहे. घरोघरी जे स्वस्त इन्व्हर्टर असतात त्यांतून वीज गोलसर लाटेऐवजी चौकोनी पायऱ्यांनी येते, आणि त्या पायऱ्यांच्या कडा पिकअपमध्ये भरतात. लॅपटॉपचा अडॅप्टर काढा, बॅटरीवर चालवा. इंटरफेस यूएसबीवरच चालतो. त्या खोलीतले एलईडी दिवे आणि पंखाही बंद ठेवा. तरी राहिला तर लाईट येईपर्यंत थांबा, नाहीतर प्युअर साईन-वेव्ह इन्व्हर्टर घ्या.

लाईट असतानाही बारीक हम असेल तर तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर हम कमी झाला तर गिटार ठीक आहे. सिंगल-कॉइल पिकअपचा तो स्वभाव, खुर्ची फिरवून बसा. एका कोनात तो जवळजवळ जातो. हात लावल्यावर वाढला तर गिटारच्या आतली अर्थ वायर सुटली आहे किंवा जोडणी उलटी झाली आहे. आणि ओठ माईकला लागून झिणझिण्या आल्या, किंवा तारांना हात लावताच चटका बसला, तर ताबडतोब बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. हम जातो म्हणून अँपची तिसरी पिन काढणारे कलाकार प्रत्येक गावात असतात. अँपमध्ये बिघाड झाला तर त्या पिनेनं जाणारा करंट तुमच्यातून जाईल.

प्रश्न : पॉवर-पॉपमधला तो घंटांसारखा किणकिणता बारा तारांचा आवाज साध्या गिटारवर काढता येतो का? रिकनबॅकर कंपनीची गिटार परवडणार नाही. माझी गिटार वीस वर्षं पेटीत होती, हेही सांगून टाकतो.
— मिरज

उत्तर : येतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये तर बारा तारांच्या गिटारपेक्षाही सुटसुटीत येतो. बारा तारांच्या गिटारमध्ये सहा नेहमीच्या तारा आणि सहा सोबतच्या. सोबतच्यांपैकी चार एक सप्तक वर असतात, दोन त्याच सुरात. ह्या सोबतच्या सहाच दुसऱ्या गिटारवर चढवायच्या. जाडी पहिल्या तारेपासून सहावीपर्यंत : .०१०, .०१४, .००९, .०१२, .०१८, .०२७. पहिल्या दोन नेहमीच्या सुरात, तिसरी ते सहावी नेहमीपेक्षा एक सप्तक वर. या जुळणीला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. .००९ ची तिसरी सर्वांत नाजूक, तीच तुटते. दोन जास्तीच्या ठेवा आणि शेवटचा अर्धा सूर हळू चढवा.

मग एकच भाग दोनदा वाजवा. साध्या गिटारवरचा पूर्ण डावीकडे, नॅशव्हिलवरचा पूर्ण उजवीकडे. दोन्ही वेळा स्वरमेळ (कॉर्ड), ठोके, हाताची दिशा तीच हवी. एकाच रेकॉर्डिंगची कॉपी करून दुसऱ्या बाजूला टाकण्याचा मोह होतो, पण तसं केलं तर आवाज रुंद न होता मधोमध जाड होऊन बसतो. वाजवण्यातला बारीक फरकच तो पसारा देतो. काँप्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) चारास एक, त्याचा अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे मिझराबीसारखा पहिला टोला सुटतो आणि मागची आस वर येते. आणि विकृती, म्हणजे डिस्टॉर्शन, तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मी ठेवा. थरांनी ती आपोआप वाढते.

आता वीस वर्षं पेटीत राहिलेली गिटार. नव्या तारा चढवा, सुरात आणा, एक रात्र तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या पडद्यावर दाबा आणि सातव्या-आठव्या पडद्यावर तार आणि पडदा यांतली फट बघा. पाव मिलिमीटर हवी, जवळपास व्हिजिटिंग कार्डाएवढी. जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळई) पाव फेरा घट्ट करा, कमी असेल तर पाव फेरा सैल, आणि पुन्हा एक रात्र थांबा. जोर लावायला लागला तर सोडून द्या. जाम रॉड तुटला की मान गेली. हे काम पावसाळ्यात केलंत तर मार्चमध्ये पुन्हा करावं लागेल, लाकूड ओलावा धरतं आणि सोडतं.

नंतर घोडी. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर पडताळा. दाबलेला चढा असेल तर घोडीवरचा त्या तारेचा आधार (सॅडल) मागे सरकवून तार लांब करा, उतरा असेल तर पुढे. सहाही तारांचं हे झाल्याशिवाय दोन गिटार एकमेकींवर चढवू नका. एकटी असताना जी चूक कानाला खपते ती दुसरीसोबत भांडायला लागते. व्हॉल्यूमचा नॉब खरखरत असेल तर आत इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा.

तुम्ही मिरजेत आहात म्हणून आणखी एक. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कारागिरीमुळे. जवारी लावणाऱ्या हाताला गिटारच्या नटची (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच केसभर खोल करणं जड नाही. धातूच्या पडद्यांची पातळी घासणं मात्र वेगळं काम आहे, ते गिटारवाल्याकडेच न्या.

प्रश्न : ड्रमसेट ठेवायला जागा नाही आणि कंप्युटरचे ड्रम मेलेले वाटतात. आमच्या ऑर्केस्ट्राचा ऑक्टोपॅडवाला अजून वाजवतो. त्याचं काही होईल?
— तासगाव

उत्तर : होईल, आणि याहून चांगलं काही सुचवता येणार नाही. फक्त ऑक्टोपॅडचा आवाज रेकॉर्ड करू नका, मिडी रेकॉर्ड करा. म्हणजे कुठला पॅड, कधी, किती जोरात, एवढंच लॅपटॉपमध्ये जातं आणि त्यावर खऱ्या ड्रमचे नमुने वाजवता येतात. ऑक्टोपॅडच्या जुन्या एसपीडी-२० मॉडेलला गोल पाच-पिनी मिडी आहे, त्यासाठी मिडी-यूएसबी वायर लागेल. एसपीडी-३० थेट यूएसबीला लागतो.

पॅडवर नोट नंबर असे बसवा : स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, उघडी ४६, क्रॅश ४९, राईड ५१, वरचा टॉम ४८, फ्लोअर टॉम ४३, आणि आठव्या पॅडवर टाळी, ३९. किक पायाच्या पेडलवर, ३६. टाळी विसरू नका, पॉवर-पॉपमध्ये तिच्यावाचून भागत नाही.

वाजवणाऱ्यानं हेडफोनवर ऑक्टोपॅडचाच स्वतःचा आवाज ऐकावा, लॅपटॉपमधून फिरून आलेला नव्हे. नाहीतर प्रत्येक टोला किंचित उशिरा ऐकू येतो आणि हात पुढे पळतो. दुसरी अडचण सवयीची. ऑर्केस्ट्रात दोन हजार माणसांसमोर सगळे टोले एकाच जोरानं पडतात. वेलॉसिटीचे, म्हणजे टोल्याच्या जोराचे, आकडे बघा. सगळे १२० च्या वर असतील तर पॅडची सेन्सिटिव्हिटी उतरवा आणि त्याला हाय-हॅट एक जड एक हलकी वाजवायला सांगा. ड्रम मेलेले वाटण्याचं कारण बहुतेक वेळा ही सपाट हाय-हॅटच असते. तिसरी गोष्ट, दोन हातांत बसणार नाही असं काही वाजवू देऊ नका. फ्लोअर टॉमवर भरणा चालू असताना हाय-हॅट चालूच राहिली, की ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण खोटं वाटतं.

क्लिक (हेडफोनमधला तालाचा टिकटिकाट) लावा, पण अख्खं गाणं एकाच वेगात बांधू नका. अंतरा मिनिटाला १३२ ठोक्यांना असेल तर मुखडा १३४ ला. नंतर क्वांटाइझ (टोले क्लिककडे ओढून घेणं) पन्नास टक्के आणि तेही फक्त ठेक्याला. मुखड्यात शिरतानाचा भरणा जसा वाजला तसा राहू द्या. शेवटी दोन गोष्टी खऱ्या माईकवर घ्या : टँबोरीन आणि टाळ्या. टँबोरीन माईकपासून चार-पाच फुटांवर वाजवा, जवळून ती सगळ्या गाण्यावर चढते. टाळ्यांना चार माणसं बोलवा, चहा पाजा, तीन वेळा घ्या.

प्रश्न : पूर्वी ए मध्ये, म्हणजे पांढरी सहाला, आरामात गात होतो. आता वरचा सूर लागत नाही. गाणी खाली आणली तर गिटारच्या मोकळ्या तारांची मजा जाते. कोरसचे सगळे आवाजही मीच देणार आहे.
— कऱ्हाड

उत्तर : गिटारच खाली उतरवा. सहाही तारा एक-एक पूर्ण सूर खाली : डी, जी, सी, एफ, ए, डी. बोटं ए च्याच आकारात ठेवा, गाणं पांढरी पाचला येईल आणि मोकळ्या तारा तशाच वाजतील. दहा-सेहेचाळीसच्या तारा मात्र लोंबतील आणि जोरात वाजवताना सूर चढेल. अकरा-एकोणपन्नासचा सेट लावा आणि घोडी, मान पुन्हा तपासा. त्यानंही भागत नसेल तर चालीतला तो एक वरचा सूर कोरसला द्या. मुख्य आवाजानं खाली राहायचं आणि वरची जागा दुसऱ्यानं घ्यायची, ही या संगीतातली जुनी तोड आहे, कुणाला लपवाछपवी वाटत नाही.

गाताना माईक वीतभर लांब आणि तोंडाच्या रेषेपासून थोडा तिरका. कवळी असेल तर 'स' आणि 'श'ला शिट्टी वाजते. माईकच्या जाळीसमोर मधोमध उभी पेन्सिल रबरबँडनं बांधा, हवेचा झोत फुटतो. राहिलेली शिट्टी डी-एसर प्लगइननं ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दाबा. पाऊण तासापेक्षा जास्त एका बैठकीत गाऊ नका. चार-पाच टेक घ्या आणि ओळीओळीनं निवडा. शब्दाशब्दानं निवडायला लागलात की गाण्यातला माणूस नाहीसा होतो.

कोरसमध्ये नवख्यांची एक चूक ठरलेली. मुख्य सुराच्या वर सरसकट तिसरा सूर धरायचा : सा ला ग, रे ला म, ग ला प. बहुतेक ठिकाणी चालतं. पण गिटारवर चौथा स्वरमेळ, म्हणजे म-ध-सा, वाजत असेल आणि मुख्य आवाज सा वर थांबला असेल, तर वरचा ग त्या म ला अर्ध्या सुरानं टोचतो. तिथे वर म घ्या किंवा खाली ध. संवादिनीवर डाव्या हातानं स्वरमेळ धरून प्रत्येक थांबण्याची जागा तपासा, कागदावर लिहा, मगच माईक चालू करा.

प्रत्येक साथीचा सूर दोनदा गा, एक डावीकडे एक उजवीकडे. साथीच्या आवाजांनी शेवटचं व्यंजन गिळायचं, 'आकाश'मधला 'श' फक्त मुख्य आवाजानं म्हणायचा. पाच ट्रॅकवर पाच 'श' वेगवेगळ्या वेळी आले तर फोडणी पडल्यासारखं होतं. आणि सगळे आवाज तुमचेच असले तर थर चढवून चढवून एकच माणूस जाड झाल्यासारखा ऐकू येतो. निदान एक आवाज दुसऱ्याचा घ्या. बायको, भाची, चर्चच्या क्वायरमधला कुणी, सुरात असलं म्हणजे झालं.

प्रश्न : १९८० च्या दशकात भावानं आखातातून चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणला होता. यंत्र गेलं, कॅसेट आहेत. साध्या डेकवर लावल्या तर सगळं रेंगाळतं आणि दुसरी बाजू उलटी वाजते. कॅसेट खराब झाल्या का? काही २०१९ च्या पुरात भिजल्याही आहेत.
— गावभाग, सांगली

उत्तर : खराब नाहीत. त्या यंत्रांत चारही ट्रॅक एकाच दिशेनं जातात, आणि बऱ्याच मॉडेलांत टेप दुप्पट वेगानं पळते. साधा डेक ए बाजूला ट्रॅक एक-दोन निम्म्या वेगानं वाजवतो, बी बाजूला तीन-चार उलटे. म्हणून तुम्हाला ऐकू येतंय ते बरोबरच आहे.

चालू यंत्र उसनं मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर साधा डेकही चालतो. डेकवरचं डॉल्बीचं (हिस् दाबणारं) बटण बंद करा. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. कॅसेटच्या मधला नमद्याचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर आवाज बसका येतो. तसं असेल तर टेप काढून स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटच्या कवचात बसवा. दोन्ही बाजू लॅपटॉपवर घ्या, सॉफ्टवेअरमध्ये वेग दुप्पट करा, बी बाजू उलटी फिरवा. मग चारही ट्रॅक सुरुवातीच्या एखाद्या टोल्यावर जुळवा. मिनिटभरानं ते पुन्हा सुटतील, कारण डेक दोन्ही वेळा अगदी त्याच वेगानं चालत नाही. दर कडव्याला जुळवत जावं लागतं. खर्ज थोडा उणा येईल, तो नंतर ईक्यूनं (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) भरा. त्या यंत्रावर डीबीएक्स (हिस् कमी करणारी सोय) चालू ठेवून रेकॉर्ड केलं असेल तर आवाज हिसहिसता आणि धापा टाकल्यासारखा येईल, त्याला डीबीएक्स उलगडणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर लागतं.

पुरातल्या कॅसेट डेकमध्ये घालू नका. वाळलेला गाळ टेपचा थरही खरवडतो आणि हेडही. रीळ हातानं फिरवूही नका, चिकटलेली असेल तर थर सुटून येतो. टेप 'बेक' करण्याचे सल्ले फिरतात ते काही जुन्या मोठ्या रिळांसाठी आहेत, कॅसेटसाठी नव्हेत. या कॅसेट ध्वनिसंग्रहाचं काम करणाऱ्या माणसाकडे द्या.

हाती आलेलं सगळं जसंच्या तसं अल्बममध्ये घालायची गरज नाही. तरुणपणीच्या आवाजाचा एखादा ट्रॅक आजच्या मुख्य आवाजामागे साथीला ठेवता येतो. जुनी टेप काटेकोर ४४० हर्ट्झच्या ए वर, म्हणजे ट्यूनरच्या ठरलेल्या सुरावर, नसते, म्हणून नवी गिटार टेपला जुळवा, टेप गिटारला नव्हे.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा. मिक्स मला छान वाटतं, नातू म्हणतो कानात टोचतंय. कोण बरोबर?
— वाई

उत्तर : नातू. वयाबरोबर वरचे सूर आधी जातात, आणि स्टेजवर झांजांशेजारी वर्षं काढलेल्यांचे आणखी लवकर. जे ऐकू येत नाही ते आपण वाढवत राहतो. कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री करून घ्या. नेहमीची तपासणी ८ किलोहर्ट्झपर्यंत जाते, तेवढ्यानं तुमची पडझड कुठून सुरू होते ते कागदावर दिसेल. त्या सुराच्या वर ईक्यूला हात लावायचा नाही, हा नियम करा. तिथलं काम डोळ्यांनी : स्पेक्ट्रम दाखवणारं प्लगइन लावा, तुमच्या आवडीचं त्याच ढंगाचं गाणं शेजारी ठेवा, दोन्हींची लाउडनेस सारखी करून आलेख ताडा. लाउडनेस सारखी केली नाही तर जे मोठं तेच गोड वाटतं. हळू आवाजात ऐका, शेजारी बसलेल्याशी ओरडल्याशिवाय बोलता येईल इतपत, आणि तासाला दहा मिनिटं कान रिकामे ठेवा. अखेरचं मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) दुसऱ्या, तरुण कानांना द्या. हा खर्च वाचवू नका, माईकचा वाचवा.

प्रश्न : स्पॉटिफायसाठी उणे १४ लाउडनेसच (एलयूएफएस) हवी, असं सगळे सांगतात. खरं का?
— विटा

उत्तर : नाही. ऐकवताना ते साधारण त्या पातळीला आणतात, त्याहून मोठं असेल तर खाली घेतात. खणखणीत गिटारची गाणी उणे १० ते ११ वर दाटून बसतात, तिथेच ठेवा. शिखर (मीटरवरचं 'ट्रू-पीक') उणे २ डेसिबलच्या वर नको, नाहीतर एमपी-थ्रीसारखं रूपांतर होताना फाटतं.

प्रश्न : दोन गाण्यांची चाल माझी, शब्द बँडमधल्या मित्राचे. मित्र आता नाही. परवानगी लागते का?
— कोरेगाव, सातारा

उत्तर : लागते. शब्दांचा हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, मित्रानं तो कुणाला लिहून दिला नसेल तर वारसांकडे जातो. वारसांकडून गाण्याचं नाव, रेकॉर्डिंग, डिजिटल वितरण आणि मिळकतीतला वाटा लिहिलेला एक पानाचा करार सही करून घ्या. शब्दकार म्हणून मित्राचं नाव वितरकाच्या फॉर्ममध्ये भरा, नुसतं कव्हरवर छापून चालत नाही. तुम्ही आणि वारसांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घेऊन ही गाणी तिथे नोंदवावीत. आणि हे सगळं गाणं अपलोड करायच्या आधी.